लाकडी बाह्यावरणातील गाठींचे संस्करण

घराच्या बाहेरील भिंतींवर बसविलेल्या लाकडी फळ्यांना रंग देण्यापूर्वी, अथवा जुना रंग काढून नवा देण्यापूर्वी, त्यांतील गाठींवर जी विशेष प्रक्रिया करतात तिला गाठींचे संस्करण म्हणतात. सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडातील गाठींत रेझीन व रंगद्रव्ये साठलेली असतात. ती कालांतराने रंगलेपातून बाहेर येतात व पृष्ठभागावर पिवळसर तपकिरी डाग, फोड किंवा चिकट थेंब दिसू लागतात. हे टाळण्यासाठी गाठीवर रंगाखाली एक रोधक थर देणे हे या प्रक्रियेचे मूळ तत्त्व होय. गाठ वृक्षाइतकीच जुनी असली, तरी ती रंगाऱ्याच्या दृष्टीने दोष ठरली ती अलीकडच्या काही शतकांत. फळी तयार करण्याची रीत व तिच्यावर द्यावयाचा लेप हे दोन्ही बदलल्यामुळे हा प्रश्न निर्माण झाला आणि त्यावरील प्रत्येक उपायाने एक दोष घालविताना दुसरा पदरात टाकला. या प्रक्रियेचा इतिहास यूरोप व उत्तर अमेरिका यांच्या इमारतींशी निगडित असला, तरी तिच्यातील सर्वांत महत्त्वाचा पदार्थ, म्हणजे लाख, हा भारतातून गेलेला आहे.

गाठीची घडण : खोडात रुतून राहिलेला फांदीचा बुंधा म्हणजे गाठ. फांदी जिवंत असताना तिची वाढवलये खोडाच्या वलयांशी सलग असतात. अशी गाठ फळीत घट्ट बसलेली असते व तिला जिवंत गाठ म्हणतात. फांदी वठल्यानंतर खोड तिच्याभोवती नुसतेच वाढत राहते व कित्येकदा फांदीची सालही आत गाडली जाते. ही मृत गाठ होय. फळी वाळल्यावर मृत गाठ सैल होते व काही वेळा गळून पडून तिच्या जागी भोक राहते.

फळीचे तंतू तिच्या लांबीच्या दिशेने जातात, तर गाठीतील तंतू फळीच्या पृष्ठाकडे तोंड करून असतात. त्यामुळे गाठीच्या ठिकाणी लाकडाचा आडवा छेदच उघडा पडतो. लाकूड वाळताना लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, परंतु आडव्या दिशेने शेकडा काही भाग आकसते. परिणामी गाठ व तिच्या सभोवतालचे लाकूड यांची हालचाल एकसारखी होत नाही आणि गाठीवर बारीक चिरा पडतात. त्या चिरांतून पाणी आत शिरते, तसेच रेझीन बाहेर येते.

पाइनसारख्या वृक्षांच्या लाकडात रेझीनवाहिन्यांचे जाळे असते. रेझीनचे दोन प्रमुख घटक आहेत : उडून जाणारे टर्पेंटाइन व मागे राहणारी घन राळ. टर्पेंटाइनचा अंश शिल्लक असेपर्यंत रेझीन प्रवाही राहते आणि उन्हाने तापताच वाहू लागते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर व गडद रंगाखाली हा दोष अधिक दिसतो, कारण तेथील फळ्या सर्वाधिक तापतात. रेझीनखेरीज गाठीत फिनॉल वर्गातील संयुगेही असतात. पाइनच्या गाठीत पिनोसिल्व्हीन व तत्सम संयुगे आढळतात. स्प्रूसच्या गाठीत लिग्नान संयुगे विपुल असल्याचे फिनलंडमधील संशोधकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीपासून केलेल्या अभ्यासात दिसून आले. त्यांचे प्रमाण गाठीच्या वजनाच्या सरासरी १० टक्क्यांच्या आसपास असते. या संयुगांपैकी काहींचा रंग प्रकाशामुळे बदलतो. म्हणून रेझीन पूर्णपणे अडविले, तरी गाठीवरील पांढरा रंग पुढे पिवळा पडू शकतो.

फोडीव फळ्या व डांबर : करवतीच्या गिरण्या सार्वत्रिक होण्यापूर्वी यूरोपात व अमेरिकेतील आरंभीच्या वसाहतींत भिंतींच्या कित्येक फळ्या ओंडके पाचरीने फोडून काढीत. पाचर तंतूंच्या दिशेने जाते व गाठ आली की अडते किंवा वाकडी होते. म्हणून फोडण्यासाठी सरळ तंतूंचे व बिनगाठीचे ओंडके निवडणे भाग असे. न्यू इंग्लंडमधील जुन्या घरांच्या ओक व पांढऱ्या पाइनच्या अरुंद फळ्या अशा रीतीने तयार होत. गाठीचा प्रश्न तेथे रंगाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच, झाड निवडतानाच, सुटलेला असे.

उत्तर यूरोपात गाठी असलेल्या लाकडाचाही भिंतींसाठी वापर होई, परंतु त्यावर दिल्या जाणाऱ्या लेपाचे स्वरूप निराळे होते. नॉर्वेतील बाराव्या शतकातील स्तंभ-चर्चच्या भिंतींना व छपरांना पाइनच्या मुळ्यांपासून व रेझीनयुक्त बुंध्यांपासून काढलेले डांबर देत आणि हा लेप ठरावीक काळाने पुन्हा चढवीत. डांबर हे स्वतःच रेझीनपासून बनलेले असल्यामुळे गाठीतून आलेले रेझीन त्यात मिसळून जाई; त्याचा डाग पडला, तरी काळसर तपकिरी पृष्ठभागावर तो दिसत नसे.

स्वीडनमधील फालून येथील तांब्याच्या खाणीच्या टाकाऊ मालापासून मिळणारा तांबडा लोहयुक्त रंग हे याचे दुसरे उदाहरण होय. या रंगाचे व्यापारी उत्पादन १७६४ पासून होत आले आहे; खाण १९९२ मध्ये बंद झाली. पाणी, राईचे पीठ, लोहाचे सल्फेट व थोडे जवसाचे तेल यांच्याबरोबर शिजवून तयार केलेला हा रंग खरखरीत फळीत मुरतो. त्याचा सलग पापुद्रा बनत नाही. त्यामुळे आतील ओलावा सहज बाहेर पडतो आणि रेझीन आले, तरी उचलून फुगवावा असा थरच नसतो. जुना झालेला रंग भुकटीच्या रूपाने झडतो; ती ताठ कुंच्याने झाडली की नवा हात देता येतो. या पद्धतीत गाठ हा दोष नसून फळीचे एक साधे अंग होते.

करवती फळ्या व तैलरंग : ही स्थिती दोन बदलांमुळे पालटली. पहिला बदल फळीत झाला. पाण्यावर व पुढे वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांतील करवत तंतूंची दिशा पाहत नाही. ती गाठीतूनही सरळ जाते. त्यामुळे पूर्वी जळाऊ म्हणून बाजूला पडणारा ओंडका फळ्यांसाठी उपयोगी ठरला. बाल्टिक किनाऱ्यावरून इंग्लंडमध्ये येणारे पाइनचे व स्प्रूसचे लाकूड आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील गिरण्यांतून निघणारा प्रचंड माल यांमुळे लाकडी भिंतींचे घर स्वस्त झाले. जुनी अरण्ये तोडली गेल्यावर त्यांच्या जागी वाढलेल्या कोवळ्या झाडांत फांद्या खालपर्यंत असल्याने गाठींचे प्रमाण आणखी वाढले.

दुसरा बदल लेपात झाला. सफेता (शिशाचे भस्मीय कार्बोनेट) जवसाच्या तेलात खलून केलेला पांढरा रंग हे सुस्थितीचे लक्षण मानले जाऊ लागले. केंट व एसेक्स परगण्यांतील फळीबंद घरे, न्यू इंग्लंडमधील खेडी व एकोणिसाव्या शतकातील नॉर्वेजियन किनारपट्टी येथे पांढऱ्या घरांची प्रथा रूढ झाली. डांबरावर न दिसणारा डाग पांढऱ्या रंगावर ठळकपणे उठून दिसतो. शिवाय तैलरंगाचा सलग पापुद्रा बनतो व त्यात टर्पेंटाइन मिसळलेले असल्याने गाठीतील रेझीन त्यात विरघळते. तेव्हा गाठ झाकणे हा रंगकामाचा स्वतंत्र भाग झाला. इंग्लंडमधील रंगकामाच्या करारपत्रांत गाठी मारणे, अस्तर देणे व भोके बुजविणे ही तीन कामे याच क्रमाने एका दमात लिहिण्याचा प्रघात पडला.

शेंदूर व सरस : एकोणिसाव्या शतकातील बांधकामविषयक इंग्रजी पुस्तकांत गाठी मारण्याच्या अनेक रीती सांगितल्या आहेत. नेहमीच्या रीतीत शेंदूर (शिशाचे तांबडे ऑक्साइड) व सफेता पाण्यात घोटून ऊन सरसात मिसळत आणि ते मिश्रण गरम असतानाच गाठीवर लावीत. ते वाळल्यावर जवसाच्या तेलात व टर्पेंटाइनमध्ये कालविलेल्या शेंदराचा दुसरा हात देत. गाठ फारच रेझीनयुक्त असल्यास तिच्यावर नुकताच विरवलेला चुना थापून एक दिवस ठेवीत, नंतर तो खरवडून काढीत व कित्येकदा त्यावर तापलेली इस्त्री फिरवीत. उंची कामात गाठ थोडी कोरून काढून खळगा सफेत्याच्या लांबीने बुजवीत, किंवा गाठीवर सोन्याचा अथवा चांदीचा वर्ख चिकटवीत. धातूचा वर्ख रेझीनला पूर्णपणे अडवितो, परंतु असा खर्च मोजक्या दरवाजांसाठीच परवडण्यासारखा होता.

सरस पाण्यात फुगतो. त्यामुळे बाहेरच्या फळीवर, पाऊस व धुके यांच्या माऱ्यात, हा लेप सुटून येई. त्याहून गंभीर गोष्ट अशी की या कामातील दोन्ही प्रमुख चूर्णे शिशाची होती. ती खलताना व जुना थर घासताना उडणारी धूळ रंगाऱ्याच्या शरीरात जाई. पोटातील कळा, मनगटाचा लुळेपणा व रक्तक्षय ही शीसविषबाधेची लक्षणे रंगाऱ्यांच्या धंद्याशी कायमची जोडली गेली होती.

चपडा : या अडचणीतून वाट निघाली ती लाखेमुळे. पळस, बोर, कुसुम इ. वृक्षांच्या कोवळ्या डहाळ्यांवर लाखेचे कीटक आपल्या संरक्षणासाठी जे रेझीन स्रवतात, त्यापासून चपडा (शेलॅक) तयार करतात [⟶ लाख]. या कीटकाचे वर्णन जेम्स कर यांनी १७८१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्यांच्या नावावरूनच कीटकाच्या प्रजातीस केरिया हे नाव मिळाले आहे. आरंभी यूरोपात लाखेला मागणी होती ती मुख्यतः तिच्या तांबड्या रंगासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आल्यावर ही मागणी ओसरली, मात्र रेझीन म्हणून चपड्याचे महत्त्व वाढत गेले.

चपडा अल्कोहॉलात विरघळतो, परंतु टर्पेंटाइनमध्ये अथवा जवसाच्या तेलात विरघळत नाही. गाठीतील रेझीन याच्या उलट टर्पेंटाइनमध्ये सहज विरघळते. त्यामुळे चपड्याचा पातळ थर गाठ व तैलरंग यांच्यामध्ये दोघांनाही न जुमानणाऱ्या पडद्यासारखा उभा राहतो. अल्कोहॉल लवकर उडून जात असल्याने हा थर तासाभरात सुकतो आणि त्याच दिवशी पुढील हात देता येतो. ब्रिटनमध्ये १८५५ च्या कायद्याने उद्योगधंद्यांसाठी पिण्यास अयोग्य केलेले अल्कोहॉल करमुक्त झाले. त्यामुळे चपड्याचा द्राव स्वस्त पडू लागला व शेंदूर-सरसाची जागा हळूहळू त्याने घेतली. अमेरिकेत न्यूयॉर्क येथे विल्यम झिन्सर यांनी १८४९ मध्ये चपड्याचा व्यवसाय सुरू केला. ब्रिटिश मानक संस्थेने गाठींवरील या द्रावासाठी स्वतंत्र मानक ठरविले असून त्याची एक आवृत्ती १९७१ मध्ये निघाली.

हा द्राव ज्या चपड्यापासून होई तो तयार करण्याची भारतातील जुनी रीत कष्टाची होती. मिर्झापूर व छोटा नागपूर भागातील भट्ट्यांत दाणेदार लाख लांबलचक कापडी पिशवीत भरून कोळशाच्या विस्तवासमोर पिळीत. वितळून बाहेर आलेली लाख भिलवाया या नावाने ओळखला जाणारा कारागीर हात, पाय व दात यांनी ताणून तिचा पातळ तावदानी पत्रा करी. हा पत्रा थंड झाल्यावर मोडून त्याचे तुकडे पेट्यांत भरले जात व कलकत्त्याहून परदेशी जात. लंडनमधील रंगाऱ्याच्या बाटलीतील द्रावामागे आदिवासी कुटुंबांनी डहाळ्यांवरून खरवडलेली लाख व भट्टीसमोरील ही मेहनत होती. रांचीजवळील नामकुम येथे १९२४ मध्ये लाखेवरील संशोधनासाठी संस्था स्थापन झाली.

चपड्याच्या मर्यादा : घरातील दारे-खिडक्यांच्या कामी चपडा उत्तम ठरला, बाहेरील फळ्यांच्या बाबतीत मात्र त्याचे यश अपुरे होते. चपड्यावर पाणी साचून राहिल्यास तो पांढुरका पडतो. उन्हाने व कालमानाने तो ठिसूळ होतो, त्यामुळे गाठीच्या हालचालीबरोबर त्याला ताणता येत नाही. नैसर्गिक चपड्यात सु. ५ टक्क्यांपर्यंत मेण असते व त्यामुळे वरचा थर कमी चिकटतो. थर जाड दिल्यास तो काचेसारखा गुळगुळीत होतो आणि फळीच्या मागून आलेला ओलावा त्याच्याखाली अडतो. अशा वेळी गाठीवरचा रंग नेमका गाठीच्या आकाराच्या टिकलीसारखा सुटून येतो. म्हणून बाहेरच्या कामात चपडा फक्त गाठीपुरता व पातळ लावावा, संपूर्ण फळीवर फासू नये, असा नियम रूढ झाला.

विसाव्या शतकात हा प्रश्न प्रयोगशाळेत गेला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे १९१० मध्ये स्थापन झालेल्या वन-उत्पाद प्रयोगशाळेत एफ्. एल्. ब्राउन यांनी १९२० नंतरच्या दशकापासून निरनिराळ्या लाकडांवरील रंग उन्हापावसात किती टिकतात यासंबंधी दीर्घकालीन चाचण्या घेतल्या. रंगाचे आयुष्य केवळ रंगावर अवलंबून नसून लाकडाच्या घडणीवरही तितकेच अवलंबून असते, हे त्यांतून स्पष्ट झाले. ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथील पाइन लाकूड उत्पादकांच्या संघटनेने शतकाच्या मध्यास फिनॉलिक रेझीन व पॉलिव्हिनिल ब्युटिराल यांचा अल्कोहॉलातील द्राव गाठींसाठी तयार केला. त्याचा थर चपड्यापेक्षा लवचिक व जलरोधक असल्यामुळे बाह्य कामास तो अधिक योग्य होता. याच सुमारास गिरणीतच रेझीन स्थिर करण्याची रीतही प्रचारात आली. भट्टीत लाकूड वाळविताना अखेरीस तापमान सु. ७०° से. च्या वर नेल्यास टर्पेंटाइनचा बराच भाग उडून जातो व उरलेली राळ घट्ट होते. पुढे फळी त्याहून अधिक तापली नाही, तर रेझीन सहसा वाहत नाही.

ॲक्रिलिक पायसावर आधारलेले बाह्य रंग १९५३ नंतर बाजारात आले. हे रंग लवचिक असतात व त्यांतून ओलाव्याची वाफ बाहेर जाऊ शकते. परंतु त्यांतील पाणी गाठीतील जलविद्राव्य रंगद्रव्ये वर ओढते. म्हणजे तैलरंगाने रेझीनचा प्रश्न निर्माण केला, तर जलरंगाने त्यात जलविद्राव्य डागांची भर घातली. रेडवुड व पश्चिमी सीडार या लाकडांत असे डाग केवळ गाठीपुरते न राहता सर्व फळीवर पसरतात. यावर डागरोधक अस्तरे तयार करण्यात आली. त्यांतील काही घटक रंगद्रव्यांशी संयोग पावून त्यांना जागीच स्थिर करतात.

पुनर्लेपन व शिशाचा धोका : नव्या फळीपेक्षा जुन्या, अनेकदा रंगविलेल्या फळीवरील काम अधिक नाजूक असते. गाठीवरील फुगलेला रंग काढण्यासाठी रंगारी दाबदिव्याची ज्योत वापरीत. त्या उष्णतेने रंग सुटे व गाठीतील रेझीन उकळून बाहेर येई, म्हणून एकाच हत्याराने दोन्ही कामे साधत. परंतु जुना थर शिशाचा असल्यास अतिउष्णतेने विषारी धूर निर्माण होतो व कोरड्या घासण्याने विषारी धूळ उडते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ मध्ये सफेत्याच्या वापरावर निर्बंध घालणारा करार संमत केला, मात्र त्यातील मुख्य बंदी इमारतींच्या आतील रंगकामापुरती होती. बाहेरील फळ्या तिच्या कक्षेबाहेर राहिल्या व त्यांवर शिशाचे थर पुढेही चढत गेले. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. तथापि त्यापूर्वीचे थर असंख्य घरांवर आहेत आणि त्यांची धूळ भिंतीच्या पायथ्याशी, मुले खेळतात त्या मातीत, साठते. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने १९८२ मध्ये ऐतिहासिक इमारतींच्या बाह्य रंगाविषयी जी मार्गदर्शिका काढली, तीत घट्ट बसलेला जुना रंग विनाकारण काढू नये, दोषाचे कारण आधी शोधावे व सर्वांत सौम्य उपाय प्रथम योजावा, असे धोरण मांडले आहे. १९७८ पूर्वीच्या घरांत पैसे घेऊन काम करणाऱ्यांना उघडी ज्योत व सु. ५९०° से. पेक्षा अधिक उष्ण हवेचे यंत्र वापरण्यास तेथे २०१० पासून लागू झालेल्या नियमांनी मनाई आहे.

प्रचलित पद्धती : आजची सर्वमान्य रीत या अनुभवांतून घडली आहे. प्रथम गाठीवरील डाग रेझीनचा, जलविद्राव्य रंगद्रव्याचा की केवळ ओलाव्यामुळे आलेल्या बुरशीचा, हे पाहतात. भिंतीत पाणी मुरत असल्यास गळती बंद केल्याशिवाय पुढील काम व्यर्थ होय. जुन्या रंगात शिसे नाही याची खात्री झाल्यावर, किंवा असल्यास पृष्ठभाग ओला ठेवून व धूळ गोळा करून, फक्त सुटलेला रंग काढतात. वर आलेले रेझीन थंडीने कडक झाल्यावर धारेने खरवडतात आणि उरलेला चिकटपणा अल्कोहॉलात भिजविलेल्या फडक्याने पुसतात. सैल मृत गाठ काढून तेथे त्याच लाकडाची, फळीच्या तंतूंशी जुळणारी खपली बसवितात. घट्ट गाठीवर मेण काढलेला चपडा किंवा कृत्रिम रोधक यांचे दोन पातळ हात, गाठीच्या कडेबाहेर थोडे जाईल असे, देतात. त्यावर लगेच अस्तर देऊन उन्हापासून रोधकाचे रक्षण करतात. रंग फिका निवडल्यास फळी कमी तापते. एवढे करूनही फार रेझीनयुक्त गाठीवरील डाग कायमचा जाईल अशी हमी देता येत नाही. म्हणून अनेक नॉर्डिक देशांत खरखरीत फळ्यांना पापुद्रा न होणारा तांबडा रंग किंवा डांबर देण्याची जुनी रीत आजही टिकून आहे.

भारत व महाराष्ट्र : हिमालयातील चीड व देवदार यांच्या लाकडांत हा प्रश्न आढळतो. देवदाराच्या गाठींतून सुगंधी तेल पाझरत असल्याने त्यावर रंग व रोगण नीट बसत नाही. महाराष्ट्रात व गोव्यात इमारतीसाठी मुख्यतः साग वापरला गेला. सागाच्या लाकडात पाइनप्रमाणे रेझीनवाहिन्या नसल्याने येथील रंगकामात गाठी मारण्याची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली नाही. चपडा येथील सुतारांना व पॉलिशवाल्यांना परिचित आहे, तो घरातील सामानाला चकाकी आणणारा पदार्थ म्हणून. पूर्व विदर्भात पळसावर लाखेची पैदास होत आली आहे. ग्रामोफोन तबकड्यांसाठी असलेली चपड्याची मोठी मागणी १९५० नंतर प्लॅस्टिकमुळे संपली. गाठीवरील रोधक म्हणून त्याचा उपयोग मात्र आजही चालू आहे. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक असू नये असा नियम २०१६ मध्ये करण्यात आला. त्यापूर्वीचा रंग असलेली लाकडी दारे, जाळ्या व सज्जे यांच्या पुनर्लेपनात वर सांगितलेली काळजी येथेही तितकीच आवश्यक आहे.